बुडतीची पोर

आमच्या गावच्या समाजमंदिरात आतल्या भिंतीवर एक मोठं तैलचित्र टांगलेलं असायचं. नाटकांचे पडदे रंगवणारा एक फिरता चित्रकार कधीकाळी पावसाळाभर गावात अडकला होता, त्याला जेवूखाऊ घालून ते काढून घेतलं असं सांगतात. काळा समुद्र, खडकावर आडवं झालेलं गलबत, त्याची मोडलेली डोलकाठी आणि पुढे एक होडी. होडीत वल्ही मारणारे वाकलेले गडी, आणि मधोमध लाल टोपीतला एक पुरुष छाती काढून उभा. त्याच्या उजव्या मुठीत एका पोरीचे केस. केसांना धरूनच त्यानं तिला पाण्यातून अर्धी वर ओढलीय. पोर उघडी आहे. तोंड वासलेलं आहे.

ती पोर माझी पणजी. लाल टोपीवाला पुरुष गावातल्या तांडेल घराण्याचा मूळपुरुष. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. पण आमच्या गावात तांडेल म्हटलं की ते एकच घर.

गोष्ट अशी सांगतात. दक्षिणेकडून कौलं भरून निघालेलं एक गलबत वादळात सापडलं आणि आमच्या गावासमोरच्या खडकावर फुटलं. सगळं गाव किनाऱ्यावर उभं राहून बघत होतं, पण त्या पाण्यात होडी घालायची कोणाची छाती होईना. तांडेलानं घातली. दोन खलाशी आणि एक पोर त्यानं जिवंत बाहेर काढली. हे खरं आहे. मी ते कधी नाकारलेलं नाही, आणि पुढे जे सांगणार आहे ते ऐकतानाही कोणी ते विसरू नये.

खलाशी आपल्या मुलखाला गेले. पोरीला मागे कोणी नव्हतं आणि तिची भाषा गावात कोणाला कळत नव्हती. तांडेलांनी तिला ठेवून घेतली. तिनं त्यांचं पाणी भरलं, बोंबील वाळत घातले, त्यांच्या बाळंतिणींचं केलं, आणि वयात आल्यावर त्यांच्याच होडीवरच्या एका गड्याशी तिचं लग्न लावून दिलं. परसामागे, माडांच्या पलीकडे, झोपडी बांधायला जागा दिली. तिथेच माझे आजोबा जन्मले, वडील जन्मले, आम्ही भावंडं जन्मलो. आमचं आडनाव गावात कोणी घेत नसे. आम्हाला म्हणत ‘बुडतीचे’. बुडतीच्यांचा मुलगा, बुडतीच्यांची सून.

शाळेत असताना पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की आम्हाला समाजमंदिरात खाऊ वाटायला नेत. तांडेलांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. तो चित्रापाशी उभा राहून सगळ्यांना दाखवायचा, “बघा, बघा, हिची पणजी. नागडी!” पोरं हसायची. गुरुजीही हसायचे. मी एकदा त्याच्या हाताला कडकडून चावले, तर संध्याकाळी वडिलांनी मला त्यांच्या ओटीवर नेऊन त्याच्या पायाशी नाक घासायला लावलं. घासून झाल्यावर तांडेलांची म्हातारी म्हणाली, “जाऊ दे. आपण काढली म्हणून हाय न ती, न्हायतर असती कुठं?”

हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलं याची गणती नाही. आमची शेळी त्यांच्या वाडीत शिरली की तेच. वडिलांनी बोटीवर जायला एखादा दिवस नकार दिला की तेच. मी दहावी झाले तेव्हाही त्यांच्या ओटीवर पेढे घेताना तेच.

नारळी पौर्णिमेला पहिला नारळ तांडेलांचा कर्ता पुरुष समुद्राला देतो. तो नारळ ताटात घेऊन त्याच्यामागे चालायचा मान आमच्या घराचा. मान म्हणतात त्याला. वडील ताट घेऊन चालायचे, नारळ दिल्यावर समाजमंदिरात येऊन त्या चित्राखाली कर्त्याच्या पायावर डोकं ठेवायचे, आणि लोक टाळ्या वाजवायचे. माझ्या बापाची पाठ मला त्या दिवसापुरती जितकी नीट आठवते तितका त्याचा चेहराही आठवत नाही.

नागावला माझी आत्या होती. मला एसटीत कंडक्टरची नोकरी लागली तेव्हा मी तिच्याकडे पेढे घेऊन गेले. ती वाल सोलत बसली होती. गावाचा विषय निघाला, चित्राचा निघाला, आणि ती एकदम म्हणाली, “त्या चित्रात तांडेलाच्या पायाशी काय हाय, बघितलंस कधी?”

“टोपली आहे. मासळीची.”

“टोपली न्हाय ती. पेटी. गलबतावरची.”

आत्याला पणजीनंच सांगितलेलं होतं. पणजीची आई त्याच गलबतावर होती. गलबत फुटल्यावर दोघी एका फळीला धरून होत्या. होडी आली ती आधी तरंगणाऱ्या पेटीकडे गेली. पेटी वर घेतली, मग पोरीला केसांना धरून घेतली. आईनं हात वर केलेला होता. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, होडीत पाणी भरतंय, भार झालाय. होडी वळली.

“पणजी तेव्हा केवढी होती?” मी विचारलं.

“सहा-सात वर्षांची असंल.”

“तिला काय कळत होतं?”

आत्यानं वालाचं टरफल परातीबाहेर टाकलं. “आईचा हात कळत होता,” म्हणाली.

मी पुढच्या वेळी समाजमंदिरात जाऊन बघितलं. पेटी होती. पितळी कड्यांची, नीट रंगवलेली. त्या काळी ती लपवायची कोणाला गरजच वाटली नसणार.

हे सगळं जुनं झालं. आताचं सांगते.

माझ्या वर्गातला तो तांडेलांचा मुलगा आता शेठ झालाय. दोन मच्छीमार बोटी, किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायच्या स्कूटर, किहीमकडे कॉटेजेस. यंदा त्यानं समाजमंदिर पाडून नवं बांधलं आणि रस्त्याकडच्या भिंतीवर तेच चित्र भिंतभर काढून घ्यायचं ठरवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना दिसावं, लोकांनी थांबून फोटो काढावेत. ग्रामपंचायतीची निवडणूकही तोंडावर होती.

एका सकाळी तो आमच्याकडे आला. परसातून चालत आला असता तर पाच मिनिटं लागली नसती, पण वळसा घालून गाडीतून आला. वडील गेल्यापासून माझा भाऊ त्याच्याच बोटीवर कामाला. तो धावत खुर्ची घेऊन आला. शेठ खुर्चीत बसला, आईनं चहा टाकला.

“उद्घाटनाला आमदार येतायत,” तो मला म्हणाला. “तुमच्या घरातल्या माणसानं स्टेजवर मला हार घालायचा आणि दोन शब्द बोलायचे. तू बोलतेस चांगली, रोज गाडीत बोलून बोलून सवय झालीय. नऊवारी नेस. पेपरवाले येणार आहेत.”

“कसले दोन शब्द?”

“कसले म्हणजे? उपकाराचे.”

“माझ्यावर तू काय उपकार केलेस?”

मी त्याला तू म्हटलं. शाळा सुटल्यापासून म्हटलं नव्हतं. भाऊ खाली बघायला लागला. शेठ मात्र हसला.

“मी न्हाय गं. घराण्यानं. तुमचं एवढं मोठं झाड आमच्या एका हातावर उभं हाय. एक हार घालायला हात दुखतात का?”

“पणजीनं साठ वर्षं भांडी घासली तुमच्याकडे. तिचे हात दुखले ते पुरे झाले.”

त्यानं चहा तसाच ठेवला. उठताना भावाला एवढंच म्हणाला, “बहिणीला समजव. जागा कोणाची हाय ते पण सांग.”

त्या दिवसापासून घरात माझ्याशी कोणी धड बोलेना. वहिनीनं तोंडावर सांगितलं, “तुमचा पगार पहिल्या तारखेला येतो. आमचं पोट त्यांच्या बोटीवर हाय.” ती खोटं बोलत नव्हती. आई म्हणाली, “मी या घरात आले तेव्हापासून सगळे वाकले. तुझा बाप वाकला. तू काय आभाळातून पडलीस?” मला आईचा राग आला आणि तिची दयाही आली नाही. दया येण्याइतकं मन तेव्हा माझ्याजवळ शिल्लक नव्हतं. रोज अलिबाग–मुरूड फेऱ्या मारायच्या, तिकिटं फाडायची, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून जेवायचं.

गावातही कळलं. नळावर बायका माझा हंडा मागे सरकवायला लागल्या. जवळा घेऊन येणारी कोळीण आमचं दार चुकवून पुढे जायला लागली.

भिंतीचं चित्र काढायला पेणहून एक चित्रकार आला होता. माझी गाडी रोज त्या भिंतीवरून जायची, त्यामुळे चित्र कसं पुढे सरकतंय ते मला दिसत होतं. सुट्टीच्या दिवशी मी तिथे गेले. तो परांचीवर बसून लाटा रंगवत होता. मी त्याला म्हटलं, “दादा, त्या पोरीच्या अंगावर काहीतरी घाला. रस्त्यावरची भिंत आहे. सगळे बघणार.”

“तुमची कोण ती?”

“पणजी.”

त्यानं ब्रश खाली ठेवला आणि थोडा वेळ भिंतीकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी मी गाडीतून बघितलं तर पोरीच्या अंगात लाल झगा होता. मला इतकं बरं वाटलं की मी दोन प्रवाशांना उरलेले सुटे पैसे द्यायला विसरले. तिसऱ्या दिवशी झगा गेला होता. शेठनं पुसायला लावला. मूळ चित्रात नव्हता म्हणाला. मूळ चित्रात लाल टोपीवाल्याला मिशा नव्हत्या आणि त्याचं तोंड लांबट होतं. नव्या भिंतीवर त्याला जाड मिशा आणि गोल तोंड आलं होतं, म्हणजे शेठचंच तोंड. आणि मूळ चित्रात त्याच्या पायाशी पेटी होती. भिंतीवर तिथे नुसत्या फळ्या होत्या.

मला वाटतं, मी उद्घाटनाला जायचं त्या दिवशी ठरवलं. झगा पुसलेला बघून.

भावाला म्हटलं, “सांग त्यांना, येते मी.” त्याला एवढा आनंद झाला की तो रात्री माझ्यासाठी सुरमईची तुकडी घेऊन आला. मी त्याला हेही म्हटलं होतं, की बोलेन ते माझं बोलेन. ते त्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं.

उद्घाटनाला सगळं गाव होतं. नऊवारी मी नेसले नाही. खाकी गणवेशातच गेले. आमदारांचं भाषण झालं, शेठचं झालं. मग माझ्या नावाचा पुकारा झाला, म्हणजे नावाचा नव्हेच. “ज्यांचे प्राण वाचले त्या कुटुंबातर्फे” असा. कोणीतरी माझ्या हातात झेंडूचा हार दिला. शेठनं मान पुढे केली.

मी हार हातातच धरला आणि माइकपाशी गेले.

“माझ्या पणजीला यांच्या पणजोबांनी समुद्रातून काढलं,” मी म्हणाले. “गाव काठावर उभं होतं आणि ते एकटे पुढे झाले, हे खरं आहे. आमच्या घरानं त्याची जाण ठेवली. पणजीनं जन्मभर ठेवली, माझ्या आजोबांनी ठेवली, बापानं ठेवली. मी ठेवणार नाही. ज्यानं काढलं तो माणूस आज इथे नाही. भिंतीवर पण नाही. तिथे दुसऱ्याच कोणाचं तोंड आहे.”

पुढच्या रांगेत एक जण हसला आणि लगेच गप्प झाला.

“आणि पाण्यात माझ्या पणजीची आई पण होती,” मी म्हणाले. “ती फळीला धरून होती. होडीनं आधी पेटी घेतली. जुन्या चित्रात ती पेटी होती. नव्यात का नाही, ते ज्यांनी पुसली त्यांना विचारा.”

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यानंच आठवतं. कोणीतरी माइकची वायर ओढली. “उपकार विसरली!” अशी आरोळी आली. मागून एक आवाज म्हणाला, “परत टाका हिला पाण्यात!” आणि त्यावर हशा पिकला. माझ्याबरोबर शाळेत असलेल्या बायका हसल्या. मी हार टेबलावर ठेवला, आमदारांच्या पाण्याच्या बाटलीशेजारी, आणि पायऱ्या उतरले. खांद्यावर काहीतरी आपटलं. नारळाची करवंटी होती. माझ्या वाटेतून कोणी बाजूला झालं नाही. मला एकेकाला वळसा घालत बाहेर पडावं लागलं.

भाऊ घरी माझ्याआधी पोचला होता. त्यानं माझी बॅग उंबऱ्याबाहेर ठेवली होती.

“झालं समाधान?” तो म्हणाला.

“मी तुला सांगितलं होतं.”

“मला आई दिसत नव्हती कुठल्या फळीवर. मला माझी पोरं दिसतात.”

मी बॅग उचलली आणि परत आत नेऊन ठेवली.

दोन दिवसांत त्याला बोटीवरून काढलं. आठवड्याच्या आत माडांतून आमच्या दारात येणारी वाट काटेरी तारेनं बंद झाली. किनाऱ्यावरून भरती नसताना तेवढं ये-जा करता यायचं. कागद म्हणून आमच्याकडे काही नव्हतंच. तलाठ्याकडे गेले, वकिलाकडे गेले. सगळे म्हणाले, इतकी वर्षं राहताय तर लढता येईल. पण आईला तारेखालून वाकून जाताना पाठीला खरचटलं, आणि त्या रात्री भाऊच म्हणाला की लढायचं तर इथे राहून लढता येणार नाही. आम्ही रेवदंड्याला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. भाऊ आणि वहिनी आमच्याबरोबर आले, पण माझ्याशी बोलत नव्हते. वहिनी ताट वाढायची आणि माझ्यापुढे सरकवायची, तेवढंच.

त्यानंतर काही महिन्यांनी, दुपारच्या रिकाम्या फेरीला, आमच्या गावच्या थांब्यावर शेठची चुलती चढली. विधवा बाई, सत्तरीच्या पुढची, तांडेलांच्याच घरात मागच्या खोलीत राहते. डोळ्याच्या दवाखान्यात अलिबागला निघाली होती. मला बघून तिनं तोंड फिरवलं. मी तिकीट फाडून दिलं. ती पुढच्या बाकावर बसली. गाडी वळणावरून वर आली तेव्हा ती मागे न वळताच बोलायला लागली.

“तू त्या दिवशी आमच्या घराची अब्रू घालवलीस.”

“खोटं काय बोलले?”

“आमच्या घरात तुझ्या पणजीला कोणी उपाशी ठेवली न्हाय. तिच्या लग्नात लुगडं घेतलेलं.”

“घेतलं असेल.”

दोन थांबे गेले. मला वाटलं, संपलं. मग म्हणाली, “माझी सासू सांगायची. तो होडी घालणारा म्हातारा शेवटी अंथरुणाला खिळला न, तवा दिवसरात्र एकच बोलायचा. बाईला घ्या. बाईला घ्या. सासू म्हणायची, कुठली बाई, मामंजी? तर हात वर करून दाखवायचा, असा.” तिनं आपला सुरकुतलेला हात डोक्याच्या वर नेला आणि लगेच खाली घेतला.

“हे तुमच्या घरात माहीत होतं?”

“सगळ्यांना माहीत हाय.”

“शेठला पण?”

“त्याला लहानपणापास्नं. त्याची आजी अंगाईसारखं सांगायची.”

“मग त्या दिवशी का नाही बोललात? तुम्ही पुढच्याच रांगेत होतात.”

आता ती वळली. “आपल्या माणसाचं असं चार लोकांत कोण सांगतं? तू सांगितलंस तुझ्या घरचं? तुझ्या बापाला रातीच्याला माडांत बसून रडताना आम्ही ऐकलंय मागच्या खोलीतून. ते सांगितलंस?”

बापाचं रडणं मला माहीत नव्हतं. एका खोलीत झोपत असू आम्ही, तरी मला माहीत नव्हतं, आणि हिला माहीत होतं. अलिबाग आलं. ती कठड्याला धरून हळूहळू उतरली. तिला हात द्यायला मी पुढे झाले तर तिनं माझा हात झटकला.

घरी आल्यावर मी हे भावाला सांगितलं. त्याचं माझ्याशी बोलणं नव्हतं, म्हणून आईकडे तोंड करून सांगितलं. तो आगरदांड्याच्या धक्क्याकडे एका बोटीवर लागला होता. तिथे त्याला कोणी बुडतीचा म्हणत नव्हतं, पण पहाटे उठून लांब जावं लागायचं आणि पैसे कमी मिळायचे. तो ऐकत ऐकत भाकरी मोडत राहिला. माझं सांगून झालं तेव्हा म्हणाला, “म्हणजे म्हाताऱ्याला खंत होती. बरं झालं. आता त्यामुळे माडांतली वाट उघडणार का?”

नाही उघडली. तार अजून आहे. निवडणूक शेठ जिंकला. भिंत तशीच आहे आणि माझी गाडी दिवसातून चार वेळा तिच्यावरून जाते. पर्यटक तिथे उतरून फोटो काढतात. एकदा गाडीत चढता चढता थांबून एक बाई आपल्या लेकीला त्या पोरीच्या शेजारी उभी करून म्हणाली, “हात वर कर, बुडतेयस असं कर.” मी घंटा मारली. तिची माणसं अजून चढायची होती तरी मारली. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे बघितलं.

रेवदंड्याला शेजारी एक पाटलीणबाई आहेत. त्यांनी मागे एकदा ओट्यावर बसून आईला विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या? मी आत भात निवडत होते. आई गावाचं नाव सांगून थांबेल असं मला वाटलं. ती म्हणाली, “आमचे मूळ लोक इथले न्हाईत. माझ्या आजेसासूबाई आईबरोबर गलबतातनं निघालेल्या. तांडेलांनी लेकीला काढली, आईला न्हाय काढली.”

“अगं बाई,” पाटलीणबाई म्हणाल्या. “मग तिचं काही केलं का कोणी? दिवसबिवस?”

“न्हाय,” आई म्हणाली. “नावच माहीत न्हाय.”

भाऊ त्या वेळी दारात सायकल लावत होता. त्यानं ऐकलं असणार. सायकल लावली, आत आला, माझ्यासमोरून पाण्याचा तांब्या उचलला आणि मागच्या दारी पाय धुवायला गेला.